तिसरा एक्सल कुणासाठी?

उत्साही : अण्णा, यंदा स्वतःचा ट्रेलर घ्यायचाच, असं ठरवलंय. तीन एक्सलचा सेमी लो-बेड आणि ओढायला साधा दोन एक्सलचा हॉर्स. माझं पोकलेन २१ टनांचं. कामं कुंभार्ली घाटाच्या दोन्ही अंगांना: वर पाटण-कोयनेकडं विहिरी, शेततळी, रस्त्याचं कटिंग, खाली चिपळूणकडं घरांचे पाये आणि उतारावरच्या जागा सपाट करणं. जेसीबी स्वतःच्या चाकांवर रस्त्यानं निघून जातो, त्याला कुणाची मिनतवारी करावी लागत नाही. चेनवरच्या मशीनला मात्र शेजारच्या गावीही ट्रेलरवरूनच जावं लागतं. काम सोमवारी संपतं आणि भाड्याचा ट्रेलर गुरुवारी उगवतो. मधले दिवस मशीन उभं, ऑपरेटरचा पगार चालू, बँकेचा हप्ता चालू, आणि पुढचं गिऱ्हाईक दुसऱ्याचं मशीन बोलावून मोकळं. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडं तसंही काम थांबतं. उरलेल्या आठांतले दिवस असे गेले तर हप्ते कशातून फेडायचे? आणि हे नुसतं धंद्यापुरतंही नाही. २०२१च्या जुलैत आपल्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी कोसळल्या. अशा वेळी मशीन कुणाकडं आहे यापेक्षा ते तिथवर न्यायची सोय कुणाकडं आहे, हा प्रश्न मोठा असतो.

शंकेखोर : ट्रेलर नसल्याचा तोटा तू मोजलास. असल्याचा खर्च मोजलास का? पोकलेन तासावर कमावतं. ट्रेलर फक्त मशीन हलतं त्या दिवशी कमावतो, आणि तुझं मशीन एकदा विहिरीवर चढलं की तिथून लवकर उतरत नाही. तेवढे दिवस ट्रेलर उन्हात उभा. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही हे खरं, पण रबर वाळतं, बाजूला बारीक चिरा पडतात. ब्रेकच्या पायपांचे सांधे सुटतात. विमा, फिटनेस, टॅक्स, हे काही गाडी उभी आहे म्हणून थांबत नाहीत. सगळ्यात अवघड म्हणजे ड्रायव्हर. घाटात लांब ट्रेलर फिरवणारा चांगला माणूस महिन्यातल्या दोन-चार खेपांसाठी तुझ्याकडं बसून राहणार नाही. मग तू काय करशील? ट्रेलर दुसऱ्यांना भाड्यानं लावशील. म्हणजे तू वाहतुकीच्या धंद्यात उतरलास, जो तुझा धंदा नाही. आणि ज्या सोमवारी तुझं काम संपेल, त्या सोमवारी तुझाच ट्रेलर कुणाचं तरी मशीन घेऊन मलकापूरला गेलेला असेल.

उत्साही : हे मला पटतं, आणि म्हणूनच एकट्यानं घ्यावा की आम्ही तिघा मशीनवाल्यांनी मिळून, ते अजून उघडं ठेवलंय. पण मालकी कुणाचीही असो, भाड्याचा असला तरी, ट्रेलर कसा असावा हे आधी ठरवलं पाहिजे. भाड्यानं बोलावताना आपण काय विचारतो? ‘किती घेणार’ आणि ‘कधी येणार’. खाली एक्सल किती, मशीन कुठं उभं करणार, ब्रेक कधी बघितलेत, यातलं काही कुणी विचारत नाही. समोर जे येईल त्यावर पन्नास-साठ लाखांचं मशीन चढवून मोकळे होतो.

शंकेखोर : विचारलं पाहिजे, यात वाद नाही. मग मी तुलाच विचारतो, तीन एक्सल कशाला? हिशेब सरळ मांडू. तुझं मशीन २१ टन. दोन एक्सलचा ट्रेलर रिकामा धर १० टन. हॉर्स ७ टन. एकूण ३८. आता कायद्याची मर्यादा बघ. जुलै २०१८ पासून पुढच्या एक्सलला ७ टन, चार टायरच्या एका एक्सलला साडेअकरा, जोडएक्सलला २१ आणि तीन एक्सलच्या संचाला २७. म्हणजे दोन एक्सलचा हॉर्स आणि मागं जोडएक्सल अशा गाडीचं पासिंग साडेएकोणचाळीस टनांचं. तू ३८ वर आहेस, दीड टन शिल्लक. तिसरा एक्सल लावलास की त्याचं स्वतःचं वजन, आणखी चार टायर, दोन ड्रम, पाट्यांचे दोन संच, बुश आणि ग्रीस मागं लागलं. जी गाडी कायद्यात बसते तिला आणखी पाय कशाला जोडायचे? शिवाय जोडएक्सलला एका खुंटीवर झुलणारी बोगी घेता येते. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागचं वर येतं, पण चारही बाजूंनी भार जमिनीवरच राहतो. आपल्या रस्त्यांना तेच हवं.

उत्साही : तुमचा हिशेब बेरजेचा आहे अण्णा, आणि चुकतं ते बेरजेतच. वजनकाट्यावर ३८ टन दिसले म्हणजे प्रत्येक एक्सल मर्यादेत आहे असं होत नाही. मी कागदावर मांडून बघितलंय, ऐका. किंगपिन, म्हणजे ट्रेलर हॉर्सला जोडणारी खुंटी; तिच्यापासून मागच्या जोडएक्सलच्या मध्यापर्यंत ८ मीटर धरा. मशीनचा गुरुत्वमध्य किंगपिनपासून ५ मीटरवर आला, तर २१ टनांपैकी पाच अष्टमांश, म्हणजे सुमारे १३.१ टन मागच्या एक्सलवर जातात आणि ७.९ किंगपिनवर. ट्रेलरच्या स्वतःच्या १० टनांतले साडेसहा मागं, साडेतीन पुढं. मागं झाले १९.६. ठीक. पण किंगपिनवर ११.४ टन आले. त्यातला नऊ दशांश भाग हॉर्सच्या मागच्या एक्सलवर उतरतो, तिथं हॉर्सचे स्वतःचे अडीच टन आधीच आहेत. झाले जवळजवळ १३. मर्यादा साडेअकरा. आता मशीन एक मीटर मागं घ्या. हॉर्स सुटला, साडेदहाच्या आत आला. पण ट्रेलरच्या जोडएक्सलवर सव्वाबावीस झाले, तिथं २१ची मर्यादा. बरोबर मध्ये, साडेपाच मीटरवर उभं केलं तर मागं २०.९ आणि पुढं साडेअकराला किंचित वर. म्हणजे पुढं घ्या, मागं घ्या, दोन्ही एक्सल एकाच वेळी मर्यादेत बसतील अशी जागा जवळजवळ नाहीच. बेरजेत दीड टन शिल्लक आहे, पण तो दीड टन हॉर्सच्या पुढच्या चाकांकडं पडून आहे, तिथं आपण वजन नेऊ शकत नाही. बैलगाडी भरताना हे लहान पोरालाही कळायचं. मागं जास्त भरली की गाडी उलार होते, पुढं जास्त भरली की बैलांच्या मानेवर येते. एकूण ओझं तेच असतं.

आता तिसरा एक्सल लावा. ट्रेलर १२ टनांचा झाला, एकूण ४०, पासिंग साडेपंचेचाळीसचं. हाच हिशेब परत केला तर पावणेसहा मीटरपासून सात मीटरपर्यंत मशीन कुठंही उभं करा, सगळे एक्सल मर्यादेत. सव्वा मीटरची मोकळीक मिळाली. रात्री पावसात, बॅटरीच्या उजेडात मशीन चढवताना ऑपरेटर पट्टी घेऊन मोजत नाही. त्याला तेवढी चूक करायची सवलत ट्रेलरनं द्यायला हवी. तिसरा एक्सल मी जास्त माल लादायला घेत नाही, या सव्वा मीटरसाठी घेतोय.

(इथं लिहिणाऱ्यालाही एक गोष्ट घालावीशी वाटते. मशीनच्या चेन एकाच जागी ठेवून वरचा भाग अर्धा वळसा फिरवला, तरी गुरुत्वमध्य सरकतो, कारण मागचं काउंटरवेट काही टनांचं असतं आणि बूम-बकेट दुसऱ्या टोकाला. म्हणजे बूम कोणत्या दिशेला ठेवून बांधायचं, हासुद्धा एक्सलचाच प्रश्न आहे. आपल्याकडं तो ड्रायव्हरच्या सवयीवर सोडलेला असतो. पोकलेन बांधणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा काट्यावर प्रत्यक्ष दाखवायला हवं असं मला मनापासून वाटतं.)

शंकेखोर : मांडणी चांगली आहे. बेरजेनं माझी फसगत केली, हे मान्य. पण तुझी सव्वा मीटरची मोकळीक कोणत्या बाजूला आहे ते बघ. सगळी मागच्या अंगाला. आणि माणसाचा कल नेहमी सुरक्षित बाजूला जास्त झुकायचा असतो. आरटीओचा काटा नको म्हणून ड्रायव्हर मशीन मागं घेत घेत साडेसहा मीटरवर नेणार. तिथं हॉर्सच्या ओढणाऱ्या एक्सलवर उरतात साडेनऊ-पावणेदहा टन. आणि गाडा एकूण ४० टनांचा. घाटात चौदाला एक असा चढ धर. चढाचाच ओढा पावणेतीन टनांच्या वर जातो, चाकांच्या फिरण्याचा विरोध धरला तर सव्वातीनच्या घरात. कोरड्या डांबरावर साडेनऊ टनांखालचे टायर एवढं सहज ओढतील. पण जूनच्या पहिल्या पावसात, दरडीचा लाल चिखल रस्त्यावर आलेला असताना, टायरची पकड त्यांच्यावरच्या वजनाच्या एक तृतीयांशावर येते. म्हणजे तीन टन आणि वर थोडं. चाक जागच्या जागी फिरायला लागणार. वळणात, चढावर, मागं २१ टनांचं लोखंड. त्यापेक्षा तुझ्या हिशेबात ज्याचा एक्सल १३ टनांवर गेला, तो बेकायदेशीर ट्रेलर त्या क्षणी जास्त सुरक्षित आहे. मी कायदा मोडायला सांगत नाही. कायद्यानं एक्सल वाचवला की पकड जाते आणि पकड वाचवली की एक्सल जातो, हे तू हिशेबात घेतलं नाहीस, एवढंच म्हणतो.

उत्साही : त्यावर उत्तर आहे, महाग आहे. हॉर्स तीन एक्सलचा घ्यायचा, मागच्या दोन्ही एक्सलना जोर असलेला. मग ७, २१ आणि २७ मिळून ५५ टनांचं पासिंग, आणि ओढणाऱ्या चाकांवर हवं तेवढं वजन. पण हप्ता वाढला, डिझेल वाढलं, आणि तुमचा पहिला आक्षेप दुप्पट जोरानं परत आला. म्हणून मी दोन एक्सलच्या हॉर्सवरच थांबतोय आणि घाटात मशीन पावणेसहा-सहा मीटरवर, मोकळिकीच्या पुढच्या अंगाला ठेवायचं असा नियम करतोय. ट्रेलरच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारायचा, चेनचं पुढचं टोक त्या पट्ट्याशी.

पण तुम्ही चढाचं बोललात, उताराचं नाही. चढावर चाक फिरलं तर गाडी अडकते. उतारावर ब्रेक गेला तर माणसं जातात. ४० टनांचा गाडा कुंभार्लीतून चिपळूणकडं उतरवताना सगळी शक्ती उष्णता होऊन ड्रममध्ये जाते. दोन एक्सलवर चार ड्रम, तीनवर सहा. तापायला जास्त लोखंड, गार व्हायला जास्त पृष्ठभाग. इंजिन ब्रेक, खालचा गिअर हे सगळं आहेच, पण शेवटी पाय ब्रेकवर जातोच. लायनर तापून गुळगुळीत झाल्यावर येणारा वास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शंकेखोर : माहीत आहे, म्हणूनच विचारतो. सहा ड्रम म्हणजे सहा ब्रेक, की सहा ड्रम म्हणजे चार ब्रेक आणि दोन शोभेचे? एक्सलला लागून ब्रेकचा कॅम फिरवणारा दांडा असतो, त्याला स्लॅक अ‍ॅडजस्टर. लायनर झिजला की दांड्याचा फेरा वाढतो आणि तो वेळेवर घट्ट करावा लागतो. आपोआप घट्ट होणारे आले आहेत, पण चिखलात, ग्रीसविना वर्षभर चालले की तेही अडतात. दोन चाकांचे ब्रेक सैल राहिले तर त्यांचं काम उरलेल्या चारांवर. ते तापतात, आणि ड्रायव्हरला कॅबिनमध्ये काही कळत नाही, कारण गाडी थांबत तर असते. ट्रेलर घेताना लोक चेसिसला हात लावून लोखंड किती जाड ते बघतात. मी खाली सरपटत जातो आणि एका माणसाला ब्रेक दाबायला सांगून प्रत्येक दांडा किती सरकतो ते बघतो. दोन एक्सलचे चार दांडे माणूस बघतो. सहा असले की चौथ्यानंतर पाठ दुखते. तुझा तिसरा एक्सल मी त्या पाठीच्या हिशेबानं मोजतो.

आणि जुना घेणार असशील तर आणखी दोन गोष्टी बघ. रिकामा ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून बाजूनं, लांबून बघ. चांगल्या कारखान्यात मुख्य बीमला मध्यावर थोडा उंचवटा देऊन बांधतात, म्हणजे वजन पडल्यावर तो सरळ होतो. रिकामा असतानाच बेड सपाट किंवा खाली वाकलेला दिसला, तर त्यानं कधीतरी झेपेल त्याहून जास्त वाहिलंय. दुसरं, पुढची मान, जिथं बेड खाली उतरतो तो कोपरा. तिथल्या वेल्डिंगवर फडकं फिरव. नवा रंग मारलेला असतो, पण त्यातूनही केसाएवढी तांबूस रेघ बाहेर आलेली दिसते. तो गंज चिरेतून आलेला असतो. तशी रेघ दिसली तर भाव विचारायलाही थांबू नकोस.

उत्साही : या दोन्ही गोष्टी लिहून घेतो. पण देखभाल होणार नाही म्हणून कमी ब्रेक घ्या, हा युक्तिवाद मला मानवत नाही. त्यापेक्षा देखभाल करणारा माणूस ठेवा म्हणा.

शंकेखोर : माणूस ठेवशील तर उत्तम. आता घाटातली वळणं. तीन एक्सल एकाला एक समांतर, घट्ट बसवलेले. यू-वळणात मधला एक्सल कसाबसा वळणाच्या रेषेत राहतो, पुढचा आणि मागचा आडवा घासतो. त्या वेळी खाली उतरून मागच्या टायरकडं बघ. टायरची कड एका बाजूला मुडपते, रबर किंचाळतं, आणि गाडी सरळ झाल्यावर टायर एका झटक्यात जागेवर येतो. तो झटका यू-बोल्टला, पाट्यांच्या पिनांना आणि हँगरच्या वेल्डिंगला बसतो. नवीन टायर कडेनं कापल्यासारखे जातात. वर तीन एक्सलच्या पाट्यांमध्ये वजन वाटून द्यायला जे बॅलन्सर असतात, त्यांचे बुश झिजले की वाटणी बिघडते. खडबडीत रस्त्यावर मधला एक्सल उंचवट्यावर चढला की क्षणभर सगळं त्याच्यावर. हवेच्या फुग्यांवरचं सस्पेन्शन घेतलं तर वाटणी चोख होते, पण खडीच्या रस्त्यावर फुगा फाटला तर मोरगिरी गावाच्या पुढं तुला तो कोण बदलून देणार?

उत्साही : वळणाचं खरं आहे. रिकामं जाताना एक एक्सल उचलून धरायची सोय घेता येते, तेवढे तरी टायर वाचतात. मागचा एक्सल आपोआप वळणारा मिळतो, तोही किमतीत बसवता आला तर बघतोय. पण अण्णा, तुम्ही सगळा वेळ ट्रेलरच्या अंगानं बोलताय. मी आता रस्त्याच्या अंगानं बोलतो, कारण तो आपलाच आहे. १९५८ ते ६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्त्यांची वर्तुळं बांधून, त्यांवर सैन्यातले ड्रायव्हर बसवून दोन वर्षं ट्रक फिरवले. त्यातून निघालं की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. वजन दुप्पट झालं की नुकसान सोळापट. जगभरचे रस्त्यांचे अभियंते आजही तिथूनच हिशेब सुरू करतात. हा नियम आपल्या ट्रेलरला लावा. तेच २१ टन दोन एक्सलवर नेले तर प्रत्येकी साडेदहा. तीनवर नेले तर प्रत्येकी सात. प्रत्येक एक्सलचं नुकसान पाचपटीनं कमी, आणि एक एक्सल वाढला तरी एकूण नुकसान एक तृतीयांशाच्याही खाली. आपल्या गावाचा रस्ता वर्षानुवर्षं मागणी करून झालेला असतो, त्यावरून मी महिन्यातून दोनदा जाणार. तिसऱ्या एक्सलचे टायर घासले तर पैसे माझे जातील, रस्ता वाचेल तो सगळ्यांचा. हा व्यवहार मला मान्य आहे.

शंकेखोर : तुझ्या या भूमिकेचा मला आदर वाटतो. हे असं कुणी बोलत नाही. पण तोच नियम थोडा पुढं ने. २०१८ला सरकारनं चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ वरून साडेअकरा केली. चौथ्या घातानं बघ, त्या एका सहीनं प्रत्येक भरलेल्या एक्सलचं नुकसान दीडपटीच्याही वर गेलं, आणि ते सगळं कायदेशीर. खेपा कमी होतील, डिझेल वाचेल, असा त्यामागचा विचार होता आणि तो खोटा नाही. पण रस्ते जुन्याच जाडीचे राहिले. म्हणजे ‘कायद्यात बसतं’ हे वाक्य रस्त्याच्या दृष्टीनं फार काही सांगत नाही. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या १९४ कलमाखाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे, पण तो हायवेवर पकडलं तर. आपल्या तालुक्यातल्या गावरस्त्यावर काटा कुठं आहे?

आणि चौथ्या घाताचा नियम सरळ रस्त्याचा आहे. सरळ रस्त्यावर चाक खाली दाबतं. यू-वळणात तुझे तीन एक्सल रस्त्याला आडवे ओढतात. मे महिन्याच्या उन्हात मऊ झालेलं डांबर त्यानं सोलून निघतं, वळणाच्या आतल्या बाजूला खडी उघडी पडते, पहिल्या पावसात तिथं खड्डा. हायवेवर तुझा तिसरा एक्सल रस्ता वाचवतो, घाटाच्या वळणात आणि गावातल्या चौकात तोच रस्ता सोलतो. तुझ्या खेपेचे नव्वद टक्के किलोमीटर पहिल्या जातीचे आहेत, पण सगळ्यात पातळ डांबर उरलेल्या दहा टक्क्यांत आहे. त्या पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्यावर तीन मीटरच्या आसपास रुंदीचं मशीन घेऊन जाणार. गाडीची कायदेशीर रुंदी २.६ मीटर, म्हणजे हायवेवरसुद्धा प्रत्येक वेळी जादा मापाच्या मालाची परवानगी काढावी लागणार. गावात समोरून एसटी आली तर कोण कुठं सरकणार? गावाच्या तोंडाशी गतिरोधक, त्यावर लो-बेडचं बूड टेकणार. म्हणून बेड उंच घ्यायचा, तर वर महावितरणच्या झोळ पडलेल्या तारा.

मला जे म्हणायचंय ते आता म्हणतो. तू मशीन आधी ठरवलंस आणि त्याला साजेसा ट्रेलर शोधतोयस. उलटं करून बघ. तुझ्या गिऱ्हाइकांच्या बांधापर्यंत काय पोचतं ते आधी ठरव. तेरा-चौदा टनांचं मशीन घेतलंस तर रुंदी अडीच मीटरच्या आसपास. परवानगीची कटकट नाही, जोडएक्सल पुरेसा, ओढायला हॉर्सवर ताण नाही, वळणात टायर कमी घासतील. एक्सलचा सगळा वाद २१ या आकड्यानं उभा केलाय. तो आकडा हलवता येतो.

उत्साही : हा आक्षेप मी टाळत होतो, हे मान्य करतो. पण तो आकडा मी हौसेनं घेतलेला नाही. खाली कोकणात जांभा आहे, तिथं लहान मशीननं भागेल. वर आपल्याकडं दोन पुरुष खाली गेलं की काळा पाषाण. तिथं ब्रेकर लागतो, आणि ब्रेकर जेवढा जड तेवढंच त्याला धरून ठेवणारं मशीन जड लागतं. लहान मशीनवर मोठा ब्रेकर लावला तर मशीनच उड्या मारतं, पिना-बुश जातात, बूमला तडे जातात. लहान ब्रेकर लावला तर जी विहीर आठवड्यात फुटते तिला तीन आठवडे. शेतकऱ्याचे पैसे तासावर जातात, दगडावर नाही. मोठं मशीन त्याच्या बांधावर एकदा येतं आणि एकदा जातं. मधल्या प्रत्येक तासाला त्याचा फायदा. रस्ता सोसतो तो दोन खेपांचा भार, शेतकरी सोसेल तो तीन आठवड्यांचा. यांची तुलना कोणत्या काट्यावर करायची?

शंकेखोर : त्याच काट्यावर, ज्यावर अजून कुणी वजन केलेलं नाही. गावाचा रस्ता तुटला की खर्च जिल्हा परिषदेचा, म्हणजे त्याच शेतकऱ्याचा, पण बिलावर तुझं नाव येत नाही आणि त्याचंही नाही. तो खर्च कुणी मांडून दाखवला असता, तर कदाचित तुझं मोठं मशीनच स्वस्त निघालं असतं. कदाचित नसतं. मला ते माहीत आहे असा माझा दावा नाही. मला एवढंच दिसतंय की तिसऱ्या एक्सलनं तुझा एक्सलचा प्रश्न सोडवला, ब्रेकचा अर्धा सोडवला, चढाचा वाढवला, वळणाचा वाढवला, आणि मशीनच्या आकाराचा प्रश्न झाकून टाकला. तीन एक्सल घे, पण तो झाकलेला प्रश्न सुटला असं समजून घेऊ नकोस.

उत्साही : मग मी सौदा करण्याआधी एक करतो. भाड्यानं येईल तो तीन एक्सलचा ट्रेलर या हंगामात एकदा कराडच्या वजनकाट्यावर नेतो. पूर्ण गाडी एकदम नाही. आधी हॉर्सचं पुढचं चाक, मग मागचं, मग ट्रेलरचा संच, असं तुकड्यातुकड्यानं. बूम पुढं ठेवून एकदा, मागं फिरवून एकदा. पांढरा पट्टा कुठं मारायचा ते कागदावरून नाही, त्या पावत्यांवरून ठरवीन. आणि जोडएक्सलवरही तेच करून बघतो. तुमची बोगी जिंकली तर ती.

शंकेखोर : कर. पण काटा सपाट असतो. घाटात चढावर वाटणी बदलते, आणि खड्ड्यात तर क्षणाक्षणाला. तिथली पावती कोण देणार? आणि एक विचारतो, उत्तर आज नको. काट्यावर दोन्ही ट्रेलर मर्यादेत बसले, तुझ्या खिशालाही दोन्ही सारखेच पडले, तर तू कोणता घेशील? हायवेवरच्या शंभर किलोमीटरांना बघून, की मोरगिरीच्या पुढच्या तीन किलोमीटरांना बघून?

उत्साही : आज विचाराल तर हायवेला बघून. तिथं माणसं जास्त आहेत, वेग जास्त आहे, ब्रेक लागतो तो तिथंच.

शंकेखोर : आणि मी त्या तीन किलोमीटरांना बघून. तिथं साइडपट्टी नाही, खाली दरी आहे, आणि गाडी कलंडली तर तिला सरळ करायला दुसरं पोकलेन लागतं. ते आणायला ट्रेलर कुठून येणार, हे तूच सुरुवातीला विचारलं होतंस.